हरभऱ्याने दिलेलं गव्हाचं उत्तर

१२ नोव्हेंबर १९८९, रविवार. जानेफळ

आज सोसायटीच्या बैठकीत मी उभा राहून बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं.

तलाव यंदा अर्धाच भरला. रब्बीला पाणीपाळ्या मोजक्याच मिळणार. कोणाच्या वावराला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, हे दरवर्षी बाबा ठरवतात. पाणीवाटप सोसायटीचे अध्यक्ष महादेवराव म्हणजे माझे वडील. तलाव झाला तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत, कारण दुसरं कोणी तयार होत नाही. बाबा मारुतीच्या पारावर बसून पाळ्या सांगतात, लोक ऐकून घेतात आणि हंगाम संपेपर्यंत त्यांना शिव्या देतात.

आज शिव्या पारावरच सुरू झाल्या. पाटाच्या अगदी टोकाला दोन वावरं आहेत, एक रंगरावांचं, एक रुखमाबाईंचं. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून आहे आणि त्या धुऱ्यावरूनच दोघांचं बोलणं कधीचं बंद आहे. रुखमाबाई एकट्याच वावर पाहतात. रंगराव म्हणाले, पाणी तिच्याकडेच मुरतं, आमच्यापर्यंत नुसता चिखल येतो. रुखमाबाई म्हणाल्या, तुमच्यापर्यंत चिखल तरी येतो. यावर रंगरावांनी चप्पल काढली. मारली नाही, हातात धरून बोलत राहिले.

तेव्हा मी उठलो. म्हणालो, मेहकरच्या कॉलेजात मी गणित शिकवतो, तिथं कम्प्युटर आला आहे आणि तो माझ्याच ताब्यात आहे. कम्प्युटर कोणाचा सोयरा नाही. यंदाच्या पाळ्या त्याला ठरवू द्या.

बाबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मले चालते."

त्यांना लागलं असणार. इतक्या वर्षांचा मान एका वाक्यात सोडणं सोपं नाही.

१४ नोव्हेंबर

कॉलेजात दिवसभर विचार केला. काम सोपं नाही, पण मला ते कसं करायचं ते माहीत आहे, आणि तसंच करायचं आहे.

दोन उन्हाळ्यांमागे मुंबईला एका वर्गाला गेलो होतो. तिथं स्मॉलटॉक नावाच्या भाषेत काम करायला एक दुपार मिळाली. त्या भाषेत सगळ्या वस्तू असतात. वस्तूला हुकूम करायचा नसतो, तिला निरोप पाठवायचा. निरोपाचं काय करायचं ते तिचं ती ठरवते. म्हणजे गव्हाच्या वावराला विचारा, 'पाणी किती?' तर ते गव्हासारखं उत्तर देईल. मिरचीच्या वावराला तोच प्रश्न विचारा, ते मिरचीसारखं देईल. विचारणाऱ्याला आत काय पेरलंय ते माहीत असायची गरज नाही. मी त्या दुपारनंतर बरेच दिवस नीट जेवलो नव्हतो.

कॉलेजात स्मॉलटॉक नाही. सी आहे. सी भाषेत वावर म्हणजे नुसता आकड्यांचा गठ्ठा, आणि त्यावर काम करणारी फंक्शनं दुसरीकडे उभी. गठ्ठ्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं.

पण सीमध्ये एक सोय आहे. गठ्ठ्यात आकड्याशेजारी एखाद्या फंक्शनचा पत्ता ठेवता येतो. प्रत्येक वावराच्या गठ्ठ्यात त्याच्या त्याच्या उत्तराचा पत्ता ठेवला, तर बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की वावरच बोलतंय. सीला स्मॉलटॉकचं सोंग घ्यायला लावता येईल.

प्राध्यापक मंडळीत मी हे सांगायला सुरुवात केली. घंटा झाली.

१९ नोव्हेंबर, रविवार

पुंजाजीला घेऊन सगळी वावरं फिरलो. पुंजाजी पाटकरी आहे, पाटाची दारं तोच उघडतो आणि लावतो. कोणाचं किती एकर, काय पेरलं, कधी पेरलं, सगळं विचारून लिहून आणलं. पुंजाजी प्रत्येक प्रश्नाला हाव म्हणतो. हरभरा पेरला का? हाव. गहू आहे का? हाव. त्यामुळे मालकांना पुन्हा विचारावं लागलं. रुखमाबाईंचा हरभरा, रंगरावांचा गहू.

घरी आल्यावर बायकोला, शालूला, वस्तू म्हणजे काय ते समजावलं. शालू सुलतानपूरची, बारावी झालेली आहे, ऐकून घेते. मी म्हणालो, समज, तू वस्तू आहेस. मी तुला निरोप पाठवला, चहा. तू तो कसा करतेस हे मला माहीत असायची गरज नाही. चहा मिळाला की झालं.

"आन् मले करावासाच नाही वाटला त?"

मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे. स्मॉलटॉकमध्ये वस्तूला न कळणारा निरोप आला, तर ती तसं स्पष्ट सांगू शकते, हा निरोप मला कळत नाही.

"मंग माह्यं तेच उत्तर," ती म्हणाली आणि आडवी झाली.

चहा मीच केला. तिनं घेतला नाही, वास येतो म्हणाली. स्टोव्हची वात बदलली पाहिजे, रॉकेलचा वास येत असणार.

२३ नोव्हेंबर

निवडणुकीमुळे कॉलेज सरकारच्या ताब्यात. कम्प्युटरच्या खोलीत खुर्च्या भरून ठेवल्या आहेत. कागदावर प्रोग्राम लिहितो आहे.

आज बापलेकाची सोय बसवली. स्मॉलटॉकमध्ये एक प्रकार दुसऱ्याचा मुलगा असू शकतो. मुलाकडे बापाचं सगळं येतं, आणि जिथं मुलाचं वेगळं असेल तिथं मुलाचं चालतं. सीमध्ये हे आपोआप होत नाही. बापाचा तक्ता, म्हणजे त्याच्या उत्तरांच्या पत्त्यांची यादी, जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि मग वेगळं असेल त्या ओळी हातानं बदलायच्या. गहू हा बाप केला, सगळ्यात जास्त वावरं त्याचीच. हरभरा, कांदा, मिरची ही त्याची मुलं. शेतकऱ्याला हे विचित्र वाटेल, पण हिशेबाला सोयीचं आहे.

२ डिसेंबर

रंगरावांच्या वावराला विचारलं आणि कारभारीच्या वावराचं उत्तर आलं. कारभारीचा कांदा पाटाच्या अगदी सुरुवातीला आहे. कारण सापडलं. स्मॉलटॉकमध्ये वस्तूला आपण कोण हे ठाऊक असतं. सीमध्ये ते दर वेळी सोबत सांगावं लागतं, आणि मी रंगरावांचा प्रश्न विचारताना कारभारीचं नाव सांगितलं होतं. म्हणजे वावर बोलत होतं, पण आपण दुसरंच कोणी आहोत असं समजून.

मेहकरच्या स्टँडवर बाबा भेटले. पिशवीत चिंच होती, चांगली भरपूर. घरात चिंच असताना कशाला, विचारलं. "असू दे," म्हणाले. बाबांचं वय होत चाललं.

६ डिसेंबर

मिरचीला उत्तराचा पत्ताच दिला नव्हता. विचारताबरोबर कम्प्युटर ठप्प. सीमधली वस्तू 'मला कळत नाही' असं म्हणत नाही, सगळं घेऊन बुडते. बंद करून चालू केला. तेवढ्यात लाइन गेली.

१० डिसेंबर, रविवार

पाळ्यांचा कागद पारावर वाचला. प्रिंटरनं इंग्रजीत छापला होता, मी मराठीत वाचत गेलो. एक नवल घडलं. टोकाच्या दोन्ही वावरांना भरपूर पाणी निघालं, रुखमाबाईंना तर आजवर कधी मिळालं नसेल एवढं. वरची मंडळी कुजबुजली. कारभारीनं विचारलं, हे कोणं ठरोलं? बाबा म्हणाले, "मशीननं. मले काऊन पुसता?" त्यांचा आवाज जरा मोठा निघाला. दुखावल्यासारखा वाटला.

पण भांडण झालं नाही. यंत्राशी कोण भांडणार? मी हेच म्हणत होतो. माणसाचा निर्णय संशय निर्माण करतो, सूत्राचा नाही. यावर पुण्याच्या एखाद्या नियतकालिकात लेख देता येईल.

२१ डिसेंबर

पहिली पाळी टोकापर्यंत पोचली. पुंजाजीला विचारलं, कागदाप्रमाणे चाललंय का? हाव म्हणाला. सगळं बराबर? हाव.

२८ डिसेंबर

रुखमाबाईंकडून हरभऱ्याचा कोवळा पाला आला, टोपलंभर. गेल्या आठवड्यातही आला होता. शालू तो भाजी न करता तसाच खाते, कांदा-तिखट लावून घोळाणा करते, कधी नुसतीच मूठभर तोंडात टाकते. आंबट असतो, आंब असते त्यावर. मी म्हणालो, रुखमाबाई पाण्याचे उपकार फेडताहेत. शालूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हो, पाण्याचेच असतीन.

फोडणीचा वास तिला अजूनही चालत नाही. तेल बदललं, तरी नाही. वात आधीच बदलली आहे.

७ जानेवारी १९९०, रविवार

रुखमाबाई वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "बापू, मशीनीले सांग ना, मले पानी जास्त होऊन राह्यलं." मी त्यांना समजावलं की, काकू, इतकी वर्षं पाणी कमी मिळाल्यामुळे तुम्हाला योग्य पाणी जास्त वाटतं. हिशेब प्रत्येक वावराला विचारूनच केला आहे. त्या दोन पावलं पुढे गेल्या. मग म्हणाल्या, "वावराले इचारलं, ते बरं केलं."

लोकांना समजायला वेळ लागतो. मला राग आला नाही.

संध्याकाळी एक विचित्र गोष्ट पाहिली. रंगरावांची बैलगाडी रुखमाबाईंच्या अंगणात उभी होती आणि रंगराव स्वतः तुरीच्या पेंढ्या उतरवत होते. बहुधा दुसऱ्या कोणी गाडी मागून नेली असेल आणि रंगराव ती परत घ्यायला आले असतील.

१५ जानेवारी

जेवलो नाही.

आज वर्गात मुलांना दाखवावं म्हणून प्रोग्राम पहिल्यापासून वाचत होतो. हरभऱ्याचं उत्तर देणारं फंक्शन मी लिहिलं आहे. नीट लिहिलं आहे, एक हलकी पाळी फुलाआधी आणि एक घाटे भरताना. पण हरभऱ्याच्या तक्त्यात त्याचा पत्ता ठेवायची ओळ नाही. लिहायची राहून गेली. बापाचा तक्ता उतरवून घेतला आणि तिथंच थांबलो. त्यामुळे हरभऱ्याला विचारलं की उत्तर गहूच देत होता. सीनं तक्रार केली नाही. तिला काय, एक फंक्शन लिहिलेलं आहे, कोणी बोलवत नाही, असेल.

स्मॉलटॉकमध्ये हे झालं नसतं. तिथं हरभऱ्याच्या प्रकारात उत्तर लिहिलं की ते हरभऱ्याचंच होतं.

गावात हरभरा बऱ्याच जणांचा आहे, पण बाकीच्यांनी इतर पिकांत त्याचे पाटे घातले आहेत, म्हणजे मधूनमधून ओळी. निव्वळ हरभरा एकट्या रुखमाबाईंचा. आणि हरभऱ्याला गव्हाएवढं पाणी म्हणजे पाला वाढतो, घाटे धरत नाहीत, मुळं कुजतात. बाईनं मला वाटेत थांबवून सांगितलं होतं. मी तिला समजावलं.

बाबांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "जाऊन पाह्य आधी."

१६ जानेवारी

रजा टाकून सकाळीच टोकाला गेलो. पिवळं पडलेलं वावर कसं दिसेल, ते रस्ताभर डोळ्यांपुढे येत होतं.

हरभरा गुडघ्याच्या खाली, दाट, घाट्यांनी लगडलेला. मी धुऱ्यावर उभा राहून बराच वेळ पाहत राहिलो. वाकून एक झाड उपटून मुळंही पाहिली. ठणठणीत होतं.

मग धुऱ्याकडे लक्ष गेलं. त्यात एक फट पाडलेली होती, दगड लावून नीट बांधून घेतलेली. पाटाच्या चारीतून, म्हणजे लहान फाट्यातून, पाणी रुखमाबाईंच्या वावराच्या कडेनं जाऊन त्या फटीतून रंगरावांच्या गव्हात उतरत होतं. गहू हिरवागार. रंगरावांची जमीन मुरमाड आहे, पाणी धरत नाही, त्यांना दीडपट लागतं. जमीन कशी आहे, हे मी कोणत्याच वावराला विचारलं नव्हतं.

रुखमाबाई निंदत होत्या. मला उपटलेलं झाड हातात घेऊन उभा पाहिलं, उठून आल्या. मी चूक सांगितली. एक ओळ राहिली, हरभरा गव्हासारखा बोलला, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. पहिल्याच पाळीला त्यांना कळलं होतं. पुंजाजीला म्हणाल्या दार लाव, तर तो म्हणाला कागदावर आहे, लावता येत नाही. तेव्हा रंगराव धुऱ्यावर येऊन उभे राहिले आणि किती वर्षांनी बोलले. काय बोलले ते मी विचारलं. रुखमाबाई म्हणाल्या, "म्हणे, हे मशीन येडं हाय. मी म्हटलं, हाव."

मग धुरा दोघांनी मिळून फोडला. त्यांची तूर रंगरावांच्या गाडीनं घरी आली. वरच्या बाजूलाही असंच चाललंय. कारभारीनं आपली पाळी एकाशी बदलली आहे, मिरचीवाल्यांनी आपसांत वेळा वाटून घेतल्या आहेत. कागद पुंजाजीच्या खिशात आहे. म्हणजे मी जे पाहत होतो, ते मी केलेलं नव्हतंच.

निघताना त्यांनी पाला खुडून माझ्या रुमालात बांधला. "सूनबाईले दे. आता किती दिवस चालीन आंबट, तिसरा सरला म्हन्ते."

मी म्हणालो, हो, माहीत आहे.

माहीत नव्हतं.

१६ जानेवारी, पुन्हा

वरचं लिहून झाल्यावर शालूशी बोललो. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, दोनदा सांगितलं. एकदा मी बोटांवर पाळ्या मोजत होतो आणि एकदा थांब म्हणालो होतो, ते थांबणं अजून चालू आहे. बाबांना कसं कळलं? त्यांनी विचारलं, म्हणाली. ती मागच्या दारी ओकत होती, त्यांनी पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि विचारलं.

मग तिला विचारलं, तुला बरं वाटतंय का? भीती वाटते का? माहेरी जायचंय का?

"एक एक इचारा," ती म्हणाली.

एक एक विचारलं. भीती वाटते. माहेरी सातव्यात. बरं आज वाटतंय. दवाखान्यात मेहकरला नेणार आहे, माझ्यासोबतच, सोमवारी. याआधी दोनदा बाबा घेऊन गेले होते.

२१ जानेवारी, रविवार

प्रोग्राम दुरुस्त केला. राहिलेली ओळ घातली. जमिनीचा पोत घातला. आता हरभरा हरभऱ्यासारखा बोलतो आणि रंगरावांचा गहू मुरमाड जमिनीतल्या गव्हासारखा. शेवटच्या पाळीत रंगरावांना थेट चारीतून पुरेसं पाणी मिळेल, रुखमाबाईंना जेवढं हवं तेवढंच. एकूण पाणी तेवढंच लागतं. इतकं स्वच्छ काम मी आजवर केलं नाही.

कागद घेऊन रुखमाबाईंकडे गेलो. आधी त्यांना दाखवावं असं वाटलं. मी वाचून दाखवलं. त्या खूश झाल्या नाहीत.

"त्याले सरळ पाणी भेटलं, त मंग तो माह्याकडं काऊन येईन?"

मी म्हणालो, काकू, पण हे बरोबर आहे.

त्या म्हणाल्या, बरोबर असेल. पण उन्हाळ्यात नांगरटी आहे, आणि नांगरटीला बैल त्याचे आहेत. शिवाय आता तो धुऱ्यावर येऊन बसतो, तंबाखू मळतो, दोन शब्द बोलतो. तिकडून साप निघाला तर हाक मारायला कोणी आहे. एवढं सगळं पाण्यामुळे आहे, आणि पाणी बापू तुझ्या चुकीमुळे आहे. "ते चूक हाय तशीच राहू दे."

मी घरी आलो. शालूला सांगितलं आणि, सवय करतो आहे, विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, तुमच्या त्या भाषेत बापाहून वेगळं वागणारं पोरगं चालते म्हन्ता, मंग नातू काऊन नाही चालणार?

२४ जानेवारी

चालतो. हरभऱ्याखाली आणखी एक प्रकार काढला. हरभऱ्याचं सगळं त्याच्याकडे येतं, फक्त 'पाणी किती' विचारलं की तो शेजारच्या वावराला जेवढं कमी पडतं तेवढं आपल्यात मिळवून सांगतो. रंगरावांच्या गव्हाला तेवढं कमी. या प्रकारात वावर एकच आहे. त्यासाठी शेजारी कोण हेसुद्धा वावराला सांगून ठेवावं लागलं. सगळी दुपार गेली. पत्ता ठेवायची ओळ या वेळी आधी लिहिली.

२८ जानेवारी, रविवार

शेवटच्या पाळीचा कागद पारावर वाचला. रुखमाबाईंच्या हरभऱ्याला पुन्हा गव्हाएवढं पाणी ऐकून रंगरावांनी मोठ्यानं 'येडं मशीन' म्हटलं आणि शेजारच्याला तंबाखू दिली. बाकीच्यांनीही मशीनला आळीपाळीनं नावं ठेवली. कारभारी म्हणाला, याच्यापेक्षा महादेवराव बरे होते. बाबा खळखळून हसले. त्यांना असं हसताना मी लहानपणीच पाहिलं असेल.

घरी येताना आम्ही पाटाच्या कडेनं आलो. बाबा पुढे, मी मागे. मी म्हणालो, बाबा, तेव्हा पारावर मी न विचारता बोललो, तुम्हाला लागलं असेल. ते चालत राहिले. मग म्हणाले, तलाव झाला तेव्हापासून या गावच्या शिव्या मी एकट्यानं खाल्ल्या. तुझी आई असताना तीही खायची, पाणवठ्यावर बायका तिला ऐकवायच्या. त्या दिवशी तू उठलास तेव्हा पागोटं काढून ठेवलं, ते डोकं हलकं झालं म्हणून.

मी म्हणालो, पुढच्या वर्षी प्रोग्राम आणखी चांगला करीन. मग चूक राहणार नाही.

बाबा थांबले. वळून म्हणाले, "एखांदी राहू देजो बाप्पा. लोकाइले एकमेकाशी बोलाले काहीतरी पाहिजे."

मी हो म्हणालो. पण चूक ठरवून ठेवायची, तर ती कोणत्या प्रकारात बसवायची, हे अजून सुचलेलं नाही.